चिनी, स्वाहिली आणि भाकरी

वारणानगरच्या एसटीत माझा आणि लेकीचा वाद चालला होता, चिनी शिकावी की स्वाहिली. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ मागं वळले. कारखान्यात फिटर होते. यंत्रं आणायला चीनला आणि बसवायला टांझानियाला जाऊन राहिलेले. अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "स्वाहिली सोपी. लिवलंय तसं वाचायचं. पर आधी घरादाराची खुशाली इचारायची, मग कामाचं बोलायचं. चिनीत एकेक अक्षर पाठ करायचं, आणि सूर जरा चढला की अर्थच बदलतोय."

"मग तुम्ही कसे शिकलात?" लेकीनं विचारलं.

"चुकत चुकत! चीनमधी भेटलं की 'जेवलासा काय?' म्हणत्यात. नुसता रामराम असतोय त्यो. एका चिनी गड्यानं इचारलं, मला काय ठावं? 'न्हाय अजून' म्हणालो आणि बसलो की मांडी घालून! बिचारा गडबडला, पर घरी नेऊन जेवू घातलं. हातवारे करून त्याला सांगितलं, आमच्या कोल्हापुरात इचारलं की वाढत्यात."

हे सांगताना त्यांची मान कुस्ती जिंकल्यासारखी ताठ झाली होती. मग त्यांनी पिशवीतून भाकरीचा डबा काढला आणि आमच्याकडं बघितलं.

"पावणं, जेवलासा काय?"

घरी मला शुद्ध बोलायला लावणारी माझी लेक पटकन म्हणाली, "न्हाय अजून."