दोन नावांच्या बायकांचं ऑडिट

"मॅडम, ह्या विमल कोण?"

पुण्याहून आलेल्या ऑडिटर साहेबांनी बँक स्टेटमेंटवर पेन्सिल टेकवली. "मानधन विमलच्या खात्यावर जमा होतंय. हजेरीपटावर सही राधाची. आणि अशा निम्म्या बायका आहेत."

आमची संस्था पूर्णा तालुक्यातल्या काही गावांत बालवाडीच्या लेकरांना गरम जेवण द्यायची. स्वयंपाक त्या-त्या गावातल्या बायका करायच्या. मी संस्थेची अकाउंटंट. ताडकळसला खताच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. वर पत्रे, त्यामुळं उन्हाळ्यात कॉम्प्युटर दुपारी बंदच ठेवावा लागायचा. बी.कॉम. झालेली आमच्या घरातली मी पहिली. माझ्या हिशोबावर कुणी बोट ठेवलं की मला राग यायचा, आजही येतो.

"सर, बायका खऱ्या आहेत," मी म्हटलं.

"मी कुठं नाही म्हणतो? पण कागदावर एकच बाई दिसली पाहिजे."

त्यांचंही बरोबर होतं. आधी आम्ही मानधन रोख द्यायचो. व्हाउचर म्हणजे खर्चाचा पुरावा. त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवायचा, स्टॅम्पवर बाईची सही घ्यायची, झालं. मग पैसे देणाऱ्या कंपनीचा नियम आला, थेट खात्यात भरा. खाती आधारवरून उघडली. आधार ह्या पोरींनी लग्नाआधी माहेरी काढलेलं. आमच्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवरीचं नवं नाव लिहितात. तिथून पुढं सासरचं गाव तिला त्याच नावानं ओळखतं. जुनं नाव राहतं बँकेत. माझं मी बदलू दिलं नव्हतं. डिग्रीवर छापलंय म्हटल्यावर सासरे गप्प बसले.

शैलाताई आमच्या सचिव. त्या म्हणाल्या, "सगळ्यांची ॲफिडेव्हिट करून घेऊ."

"ताई, स्टॅम्पपेपर, नोटरी, परभणीचा हेलपाटा. बाईची मजुरी बुडते त्यात."

साहेब जरा विचार करून म्हणाले, "दोन्ही नावं माहीत असलेल्या माणसाचं सही केलेलं पत्र चालेल मला. नवरा नको, पैसा त्याच्याच घरात जातो. पण एक जरी बाई राहिली तरी हप्ता सोडा असं मी लिहिणार नाही."

हप्ता म्हणजे अनुदानाचा पुढचा भाग. तो थांबला की चुली बंद, मानधन बंद.

साहेब फक्त उद्यापर्यंत होते. माहेरचं नाव सांगणारं माणूस एका दिवसात आणायचं कुठून? पण दुसऱ्या दिवशी ताडकळसचा बाजार होता. सासरी गेलेल्या पोरी आणि माहेरची माणसं भेटतात ती बाजारातच. मी फोन लावले. "पिशव्या घेऊन येणारच आहात, तर माहेरचं कुणी दिसलं की धरून आणा."

सकाळपासून जिन्यावर रांग लागली. लक्ष्मीनं तर लसणाची पाटी घेऊन बसलेल्या भावालाच उठवून आणलं.

"हिचं माहेरचं नाव काय?" साहेबांनी विचारलं.

"द्वारका. आमी द्वारकी म्हणतो." मग तो बहिणीकडं वळला. "का गं, पगार मिळायलाय व्हय तुला? मला तर म्हणली फुकट सेवा करायले."

"तू उसने मागशील म्हणून," लक्ष्मी म्हणाली. साहेब हसले. भावानं सही केली आणि जाताना लसणाचे दोन गड्डे माझ्या टेबलावर ठेवले. ते साहेबांना दिसू नयेत म्हणून मी फाइलखाली सरकवले.

दिवसभर त्या जिन्यावर हेच चाललं होतं. सुमे, कमळे, शांते. सासरी कुणी घेत नाही अशी नावं. ज्या बायका ऑफिसात पदर सावरून गप्प बसायच्या, त्या चुलतभावांना टपल्या मारत होत्या.

राधा मात्र भिंतीला टेकून बसलेली.

"तुझं कुणी?"

"चारठाण्याचं इकडं कोण येतंय, मॅडम. माय-बाप गेले. भाऊ पुण्याला हाय. घराला कुलूप."

साहेबांनी सगळ्यांपुढं बरोबरची खूण केली, तिच्यापुढं रिकामं सोडलं. "महिनाअखेरपर्यंत पाठवा. तोवर रिपोर्ट थांबवतो."

मग मीच तिला घेऊन निघाले. परभणी, जिंतूर, तिथून चारठाणा. लग्नाला सात-आठ वर्षं झालेली. माय गेल्यापासून ती गावात आली नव्हती. घराच्या कुलपाला तिनं हात लावून पाहिलं, पायरीवर बसली. परतीच्या गाडीची वेळ मला ठाऊक होती. तरी मी पिशवी खाली ठेवली.

शेजारच्या दारात एक म्हातारी तुरी निवडत होती. तिनं आधी मला विचारलं, "कोण पाहिजे?" मग मागं बघितलं. "विमे? लय वाळली की गं."

राधा तिच्याजवळ जाऊन बसली आणि सुपातल्या तुरी निवडायला लागली.

कागदाचं सांगितल्यावर म्हातारी म्हणाली, "लिहा की. हिच्या लग्नात तांदळातलं नाव म्याच वाचलं. राधा. बायकांत वाचणारी मी एकलीच होते." तिनं सही केली. मोठ्या, सुट्या अक्षरांत. चहा झाल्याशिवाय मात्र उठू दिलं नाही. आमची गाडी चुकली.

जिंतूरला मी पत्राची झेरॉक्स काढायला थांबले, तशी राधा म्हणाली, "माझी बी एक काढा."

"तुला कशाला?"

"दोन्ही नावं एका कागदावर कवा बघितलीच न्हाईत."

पत्र पुण्याला गेलं. साहेबांनी शेरा काढून टाकला, हप्ता आला, चुली चालू राहिल्या. पुढं ते काम संपलं, ऑफिस परभणीला आलं. आता सगळं ऑनलाइन आहे, जिन्यात रांग लागत नाही. फॉर्ममध्ये मी एक रकाना तेवढा वाढवून घेतलाय. नवी बाई आली की आधी तिचं माहेरचं नाव विचारते. उत्तर यायला थोडा वेळ लागतो. अकाउंटंटनं तेवढं थांबावं. नंतर चारठाण्याला जाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.