काकूंचं अमेरिकेचं तिकीट

उस्मानपुऱ्यात विमानाच्या तिकिटांचं ऑफिस टाकलं, तेव्हा वाटलं होतं की धंदा रुक्ष आहे. पण खुर्चीवर बसल्याजागी किस्से साठत जातात हो! त्यातही फुलंब्रीच्या काकूंच्या एका तिकिटानं जेवढे दिले, तेवढे बाकीच्यांनी मिळून दिले नसतील.

काकूंची लेक सॅन फ्रान्सिस्कोला, दिवस भरत आलेले. काकू आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार, त्याही एकट्या. मला एकच सांगणं, "भाऊ, बाळाच्या आधी पोचवा मला."

*

त्यांचे मालक अण्णा सोबत आलेले. "किती लांब हाय?"

माझा पार्टनर शकीलभाई म्हणाला, "मुंबई से साडेतेरा हज़ार किलोमीटर."

अण्णांनी मनात हिशेब केला. "म्हंजी मुंबईला जाऊन-येऊन वीस चकरा!"

काकूंना वेगळीच काळजी. "अन् मधी चहाला कुठं थांबत्यात?"

*

मग अण्णांनी तिकीट वाचलं. निघायचं मंगळवारी रात्री एकला, पोचायचं मंगळवारीच पहाटे. "चारच तास? एवढ्यात आमचं नाशिक व्हत नाय!"

मी समजावलं की प्रवास सोळा तासांचा आहे, पण तिकडचं घड्याळ आपल्या मागं चालतं. इथं मंगळवार उजाडतो, तेव्हा तिथं सोमवार संपलेलाच नसतो.

अण्णा लई खूश झाले. "म्हंजी अमेरिकेला आपला शिळा दिवस भेटतो!"

*

सोळा तास बसायचं कसं, म्हणून काकूंनी घरी सराव सुरू केला. अंगणात खुर्ची टाकली, अण्णांचं उपरणं कमरेला पट्ट्यासारखं बांधलं आणि बसल्या. शेजारीण विरजण मागायला आली, तर तिला म्हणाल्या, "मी विमानात हाय. उतरल्यावर ये."

*

त्यांच्या घरात रीत अशी, की माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात झाडू लावायचा नाही. इथल्या इथं करमाडला जाणाऱ्या माणसासाठी ठीक आहे हो! मंगळवारी दुपारी सुनेचा मला फोन, "भाऊजी, विमान जरा जोरात नाय का पळत? घराचा पार उकिरडा झालाय."

*

पण तिचा फोन आला तेव्हा मला हसू आलं नाही. सकाळीच अमेरिकेहून जावयाचा निरोप आला होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप. काकू अजून हवेतच होत्या.

तिकीट मीच काढलं होतं. आधीच्या विमानात जागा मिळाली असती तर, हेच डोक्यात घोळत होतं. अण्णा संध्याकाळी ऑफिसात येऊन बसले, चहाला हातही लावेनात. "लई आस होती हो तिला," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. काकू दवाखान्यात पोचल्या होत्या. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला आणि घाबरतच विचारलं, "उशीर झाला ना गं?"

पलीकडं बाळ रडत होतं. काकूंच्या आवाजात मात्र ठसका तोच.

"उशीर कशाचा? ही हितल्या सोमवारीच झाली म्हणत्यात. अन् मी विमानात बसले मंगळवार लागल्यावर. मग विमान उडायच्या आदल्या दिवशी मी हितं कशी पोचणार व्हते वो?"