बर्फातल्या शिपायाचा शेवट

उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाची खडान्‌खडा माहिती असलेला, पण गोळेवाल्याच्या किसणीपलीकडे बर्फ कधीही न पाहिलेला माणूस जगात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या शेजारणीचा सासरा निघावा, हे माझं भाग्य. काका मूळचे अकोल्याचे, म्हणजे जिथे मे महिन्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही तिथले. नातीला बघायला म्हणून ते मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी आमच्या या डच गावात, झूटरमेरला आले आणि आठवड्याभरात सगळ्या जगाला कुलूप लागलं. काकू गुडघ्यांमुळे अकोल्यालाच राहिल्या होत्या. एकदा विमानं बंद म्हणून, एकदा लस नाही म्हणून, असं करत काकांचं तीन महिन्यांचं बिऱ्हाड दीड वर्ष लांबलं.

तरुणपणी काका जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू थिएटरात ऑपरेटर होते. मालकाकडे एक इंग्रजी चित्रपट होता, बोलपट नुकतेच बोलू लागले होते त्या काळातला. सुरुवातच फाटलेली, त्यामुळे त्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. काका त्याला ‘बर्फातला शिपाई’ म्हणत. लाल डगल्यातला एक पोलीस (चित्र काळंपांढरं होतं, पण डगला लालच होता यावर काका ठाम), त्याची कुत्र्यांची घसरगाडी, सगळ्यांत पुढे एक डोळा गेलेला कुत्रा, आणि साथीनं पछाडलेल्या दूरच्या वस्तीवर पोचवायची औषधाची पेटी. गाडी वादळात शिरते आणि चित्रपट संपतो. कारण शेवटचं रीळ पूर्णा नदीत बैलगाडी कलंडली तेव्हा वाहून गेलं होतं.

पण प्रेक्षकांना अर्ध्यात सोडून कसं चालेल? मग काका पांढऱ्या पडद्यासमोर माइक घेऊन शेवट स्वतः सांगत, आणि तो गावागणिक, कधी खेळागणिक वेगळा असे. दुष्काळी गावात सगळा बर्फ वितळून नदीला पूर येई आणि लोक टाळ्या वाजवत. पुढच्या रांगेत फौजदार बसलेले दिसले की शिपायाला बढती मिळे. बायकांची गर्दी जास्त असली की वस्तीवरची पियानो वाजवणारी बाई शाळा काढी. एका जत्रेत एक मुलगी लागोपाठ तीन दिवस आली, तिला तीन वेगळे शेवट मिळाले, आणि चौथ्या दिवशी तिनं तंबूमागे येऊन काकांना खडसावून विचारलं, की यातला खरा कोणता? काका म्हणाले, मलाच माहीत नाही. हा एवढा खरं बोलणारा माणूस पाहून तिनं त्यांच्याशी लग्न केलं. त्याच आमच्या काकू. गेली पन्नास वर्षं भांडण झालं की त्या एवढंच म्हणत, ‘ज्याले सिनेमाचा शेवट माहीत नाही, त्यानं मले शिकवू नये.’

झूटरमेरमध्ये काकांना आयुष्यात पहिल्यांदा इंटरनेट, हीटर आणि रिकामा वेळ एकदम मिळाला. त्यांनी शिपायाचा शोध सुरू केला. त्या काळात असे बर्फाळ चित्रपट पोत्यानं निघाले होते म्हणे. काकांनी ते रोज दोन या हिशेबानं पाहिले. डोक्याला माकडटोपी, अंगावर सुनेचा लांब कोट, पाय हीटरवर. बाहेर जून महिना. मी जिन्यात भेटले की अहवाल मिळे. कातडी विकणारा व्यापारी नेहमी लबाड असतो. दाढीवाला म्हातारा तिसऱ्या रिळात मरतो. आणि नट बोलताना तोंडातून वाफ निघत नसेल तर तो बर्फ स्टुडिओतला. ‘मीठ असते ते पोरी, निस्तं मीठ,’ असं म्हणून काका त्या चित्रपटाला बाद करत. पुढेपुढे त्यांना आमच्या गावातही तीच पात्रं दिसू लागली. दीड मीटर अंतर ठेवा म्हणून बजावायला नगरपालिकेचा गणवेशातला माणूस बागेत येई, त्याला काका कडक सलाम ठोकत. तो बिचारा गोंधळून उलट सलाम करी आणि बजावायचं विसरून जाई.

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. शेवट नसलेली गोष्ट मला खपत नाही. दुसऱ्याचं खूळ डोक्यात घ्यायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं, तरी चार-सहा महिन्यांत जेवणाच्या सुट्टीत मीही एका डोळ्याचा कुत्रा शोधू लागले.

फेब्रुवारीत बर्फ पडला. साधासुधा नव्हे, घोटाभर. काका बर्फाला सलाम करून रस्त्यावर उतरले, वाकून चिमूटभर बर्फ उचलून तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा पडला. बर्फ खारट होता. रस्ता निसरडा होऊ नये म्हणून पहाटेच नगरपालिकेची गाडी मीठ टाकून गेली होती, हे त्यांना कोण सांगणार? इथलाही बर्फ स्टुडिओतलाच, असं जाहीर करून ते घरी जाऊन बसले. शेवटी सुनेनं बागेतला बर्फ वाटीत आणून चाखवला तेव्हा कुठे राग गेला.

त्याच आठवड्यात मला करोना झाला. जिन्यात कोणाला लागण नको म्हणून मी कालव्यापलीकडच्या मैत्रिणीच्या रिकाम्या घरात एकटी पडून होते. वरणभाताचा डबा कोणीही सायकलवरून पाच मिनिटांत आणला असता. पण काकांनी नातीची प्लॅस्टिकची घसरगाडी काढली आणि खालच्या डच आजींचं आखूड पायांचं गुबगुबीत कुत्रं तिला जुंपलं. ते दहा पावलं चाललं आणि बसलं. काकांनी त्याला हाका मारल्या, वऱ्हाडीत समजावलं, बिस्किटं दिली. मग त्याला शालीत गुंडाळून डब्याशेजारी गाडीत ठेवलं आणि स्वतः दोरी खांद्यावर घेतली. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा पंचाहत्तरीचा माणूस ओढत होता आणि कुत्रं देखावे बघत होतं. दाराशी डबा ठेवून काका मागे सरकले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, ‘पोचलो.’ वरण गार झालं होतं. मला तसंही चवीचं काही कळत नव्हतं, पण मी रडले.

एप्रिलमध्ये मला तो चित्रपट सापडला. एका परदेशी संग्रहात, अथपासून इतिपर्यंत. एका डोळ्याचा कुत्रा, पियानो, पेटी, सगळं होतं. मी आधी शेवट पाहून घेतला आणि दोन दिवस गप्प बसले. कारण अकोल्यात काकू दवाखान्यात होत्या, ऑक्सिजनवर, आणि विमानं पुन्हा बंद झाली होती. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. काका आणि मी त्यांच्या बैठकीत दोन टोकांना बसून पाहिलं. वस्तीवर पेटी घेऊन कुत्रा एकटाच येतो. शिपाई बर्फातच राहतो. त्याच्या तोंडातून वाफ निघत नव्हती, पण या वेळी काका मिठाचं काही बोलले नाहीत.

तेवढ्यात व्हिडिओ फोन आला. तिकडे परिचारिकेनं काकूंसमोर फोन धरला होता. त्या मास्कमधून थांबत थांबत म्हणाल्या, ‘सून म्हणे, सापडला तुमचा सिनेमा. काय झालं हो त्या शिपायाचं?’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

‘पोचला,’ काका म्हणाले. ‘उशीर झाला थोडा, पण पोचला. दवा दिली. सगळे उठून बसले.’

काकू पडद्यावरून काकांकडे पाहत राहिल्या.

त्या उठून बसल्या, पंधरा दिवसांनी घरी आल्या, आणि सप्टेंबरात काका परत गेले. जाताना माकडटोपी मला देऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाजी निरोप आला. आधी एकच शब्द, ‘पोचलो.’ मग मागून काकूंचा आवाज, ‘पोरी, ह्यायनं दवाखान्यात सांगतला तो शेवट खोटा होता. मले तवाच समजलं होतं. पयल्या दिवशी तंबूत तोच सांगतला होता.’ आणि वर, ‘पण मले त्या तीनमंदी तोच आवडला होता.’