मी शहिदाचा बाप झालो तेव्हा

मी आचारी माणूस. तिसरीत शाळेनंच मला सोडलं. वाचता येतं, पण बोट ठेवून, आणि दुसऱ्या ओळीला पोचेपर्यंत पहिली विसरतो.

त्या दिवसांत गोळाबार सीमेवर चालला होता आणि आमच्या बिबवेवाडीत मोबाइलवर. दुपारी जेवताना ग्रुपला एक व्हिडिओ आला. आधी बासरी. मग एक म्हातारा, तोंड वाकडं, डोळ्यांतून धारा. एक बाई दाटल्या गळ्यानं सांगत होती, एकुलता एक मुलगा सीमेवर गेला, पण बाप म्हणतो दुसरा असता तर तोही दिला असता. तुमचं रक्त उसळत नाही का?

माझं उसळलं. घास खाली ठेवला, ढसाढसा रडलो आणि व्हिडिओ दिसेल त्या ग्रुपला पाठवला. गॅसवाल्यालाही.

बायकोनं चष्मा लावून बघितलं. म्हणाली, "अहो, हे तुम्ही आहात."

मीच होतो. कोथरूडच्या एका कार्यालयात लग्नाचा कांदा चिरत होतो, तेव्हा कुणा पाहुण्यानं गंमत म्हणून मला मोबाइलवर घेतलेलं. पुढं कुणी कांदा वगळून नुसतं तोंड ठेवलं, देव जाणे. आता रडताना आपण कसे दिसतो हे माणसाला काय माहीत, आरशासमोर कोण रडतं? बायकोचं म्हणणं, निदान शर्ट तरी ओळखायचा.

दुसऱ्या दिवशी दारात एक मावशी. मागच्या गल्लीतल्या, तोंडओळख फक्त. ज्या घरातलं माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, म्हणून डब्यात पिठलं-भाकरी आणलेली. आमच्या चुलीवर मटण रटरटत होतं, वास पार जिन्यापर्यंत.

मावशी बसल्या. त्यांचा मुलगाही फौजेत. चार दिवस फोन नाही. मग हळूच विचारलं, "भाऊ, तुम्हाला कसं कळवलं? फोन येतो, का कोणी घरी येतं?"

एरवी माझं तोंड बंद होत नाही. तेव्हा मात्र कसंबसं सांगितलं, मला मुलगाच नाही, दोन मुली, दोघी सासरी. तो कांदा होता. खोटं वाटू नये म्हणून एक कांदा आणून समोर चिरलासुद्धा.

"म्हणजे तुमचा पोरगा गेला नाही?"

"नव्हताच तर जाईल कुठं?"

त्या हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडल्या. कालपासून माझ्या त्या नसलेल्या पोरासाठी त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता. बायकोनं ताट वाढलं. आम्ही तिघांनी मटण आणि पिठलं दोन्ही संपवलं.

मग मी खरा व्हिडिओ काढला, कांद्यासकट. सगळीकडे पाठवला. एकानं उत्तर दिलं, असल्या वेळी चेष्टा शोभत नाही. बाकी कुणी पुढं ढकलला नाही. बासरी नव्हती ना त्यात.

दोन दिवसांनी मावशींनी घाईनं बोलावणं पाठवलं. मुलाचा फोन आला होता, अजून चालू होता. ठीक होता, फक्त मधे रेंज नव्हती. व्हिडिओतले काका आलेत, असं त्याला सांगून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"काका," पोरगा अदबीनं म्हणाला, "तुमचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी बघितला. सगळे रडलो."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या.

"बाळा," मी म्हटलं, "मी कांदा चिरत होतो रे."

वाटलं, लाइन गेली. मग त्यानं मागच्यांना हिंदीत काहीतरी ओरडून सांगितलं आणि पाच-सहा पोरं हसायला लागली, थांबेचनात. मी अजून एक विनोद करणार होतो, पण मावशींनी हातानं मला गप्प केलं आणि फोन कानाला लावून नुसत्या ऐकत बसल्या.