सप्तमीची एकादशी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेऱ्या मिळतील त्या इमारतींत बसल्या होत्या. पाणीटंचाईचे काम पाहणारी शाखा एका जुन्या शाळेच्या खोलीत होती आणि भिंतीवरचा फळा अजून कोणी काढला नव्हता. त्यावर खडूने गावांची नावे लिहिलेली होती. ते अक्षर मी दारातूनच ओळखले. ते माझ्या विद्यार्थ्याचे होते.

आमचे गाव रेणापूरकडचे. त्या उन्हाळ्यात गावातल्या दोन्ही विहिरींचा तळ दिसू लागला होता. टँकरचा अर्ज मी लिहिला होता, आणि नायब तहसीलदार माझा विद्यार्थी असल्यामुळे तो घेऊन जाण्याचे कामही गावाने माझ्याकडेच दिले. मी त्याला ‘तुम्ही’ म्हणून बोलू लागलो, तेव्हा त्याने हात जोडले आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, ते बाहेरच्यांसाठी.’’ मग अर्ज वाचला, माझ्यासमोरच सही केली, शिक्का मारला.

‘‘उद्यापासून दोन खेपा. चार वाजले. चला, चहा घेऊ. समोरच्या हॉटेलात निवांत बसता येतं.’’

त्या दिवशी वैशाख वद्य एकादशी होती. पाठशाळेत असल्यापासून मी एकादशीला पाणीही घेत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. आदल्या रात्रीपासून माझ्या पोटात काही गेले नव्हते. ‘आज एकादशी’ एवढेच म्हणायचे होते आणि ते शब्दशः खरे होते. परंतु हे शब्द त्याच्यासमोर उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही. मी उपरणे सावरले आणि त्याच्यामागे निघालो.

त्याचे कारण वीसएक वर्षांपूर्वीचे आहे. माझ्या वर्गाची एक रीत होती. तास सुरू होण्यापूर्वी त्या दिवसाची तिथी संस्कृतात फळ्यावर लिहायची. अक्षर सुंदर म्हणून ते काम मी याच्याकडे दिले होते. त्याचे घर गावच्या बौद्ध वस्तीत. वडील मजुरीला जात. मार्गशीर्षात तो तालुक्याच्या पाठांतर स्पर्धेत पहिला आला. त्याचे वडील शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, आज दुपारी चहाला माझ्या घरी यायचं.’’ मी गेलो. अंगणात बाजेवर धुतलेली चादर अंथरली होती. शेजारी स्टुलावर कोरी कपबशी होती, तळाला चिकटवलेला कागद अजून तसाच.

गावच्या चहाच्या टपरीवर त्या वस्तीसाठी वेगळे कप असत, छपराच्या वळचणीला खोचून ठेवलेले. मी ते रोज पाहत असे आणि रोज न पाहिल्यासारखे पुढे जात असे. त्या अंगणात उभा असताना मला गावातली चार माणसे आठवली आणि माझे स्वतःचे स्वयंपाकघर आठवले. मी म्हणालो, ‘‘क्षमा करा, आज माझी एकादशी आहे.’’

ती सप्तमी होती. सकाळी त्यानेच फळ्यावर लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो. फळ्यावर लिहिलेले होते: मार्गशीर्ष, शुक्ल पक्ष, अष्टमी. अक्षर नेहमीसारखेच सुबक. तो जागेवर बसला होता आणि पुस्तक उघडून माझी वाट पाहत होता. तेव्हापासून तो शाळा सोडून जाईपर्यंत मी फळ्यावरच्या तिथीकडे सरळ पाहू शकलो नाही. त्याने त्याविषयी एक शब्दही काढला नाही. पुढे माझ्या विद्यार्थ्यांत संस्कृत घेऊन पदवीपर्यंत गेलेला तोच एक. दर वर्षी त्याचे पत्र येई, ‘गुरुचरणी’ अशा आरंभाचे, आणि ते उघडताना दर वर्षी माझा हात थबके. त्याच्या मनात मी गुरू आहे की दारात येऊन खोटे बोललेला मनुष्य, हे मला कळले नव्हते. आता ते कळण्याची वेळ आली होती आणि मला ते कळायला नको होते.

हॉटेलचा मालक गल्ल्यावरूनच बोलला, ‘‘या सायब. आज कोन पाव्हणं?’’

‘‘माझे गुरुजी.’’

‘‘मंग पेशल लागंल. पन गुरुजी, चहासंग पाणी मागू नका बरं का. ग्लास देणं बंद केलंय. पाणी पायजेच असंल तर ह्या सायबाला मागा, गावोगाव वाटून राहिलेत.’’

‘‘तुझ्या हॉटेलला टँकर लावला तर लोक मला लातुरातून हाकलतील.’’

‘‘हाकलू द्या की. तवर दोन खेपा तर व्हतील.’’

मागच्या बाजूला फुलाफुलांचा पडदा लावलेली छोटी खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या. त्याने मला भिंतीकडची खुर्ची दिली आणि स्वतः समोर बसला. दोन चहा सांगितले. मी मनात नाम घेऊ लागलो, परंतु ते मध्येच तुटे. एकादशी म्हणावे, तर तो पुन्हा तेच ऐकेल, त्याच तोंडून. न बोलता चहा प्यावा, तर पन्नास वर्षांचे व्रत केवळ भयाने मोडेल. आणि भयाने मोडलेले व्रत देवाला काय सांगून द्यावे? मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो कचेरीतल्या उन्हाविषयी काहीतरी सांगत होता. त्याची नजर अधूनमधून माझ्या डोक्यावरून मागे जाई आणि परत येई.

चहा आला. आल्याचा वास आला. त्याने आपला चहा बशीत ओतला.

‘‘घ्या ना, गुरुजी.’’

मी कपाच्या कानाला बोट लावले. कप बशीत वाजू लागला. तो आवाज त्यालाही ऐकू जात असणार. मग मी बोललो. आवाज माझा मलाच परका वाटला.

‘‘त्या मार्गशीर्षात मी तुमच्या अंगणात आलो होतो, त्या दिवशी एकादशी नव्हती. मी तुझ्या वडिलांशी खोटे बोललो.’’

त्याने बशीतला चहा संपवला. रिकामी बशी कपाखाली ठेवली.

‘‘फळ्यावर मीच लिहिली होती, गुरुजी.’’

‘‘कधी बोलला नाहीस.’’

‘‘बोलून काय करायचं होतं? मला शिकायचं होतं तुमच्याकडं.’’

तो हे रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर मला सोसणे सोपे गेले असते. मी विचारले, ‘‘वडिलांना?’’

‘‘न्हाई सांगितलं. ते जाईपर्यंत समद्यांना सांगायचे, गुरुजी आपल्या दारात आले होते. उपास होता म्हणून चहा घेतला न्हाई, पण दारात आले होते.’’ त्याने माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिले. ‘‘आज काय आहे तेही मला माहीत आहे. तुमच्या पाठीमागं कॅलेंडर आहे. बसलो तेव्हाच बघितलं.’’

मी वळून पाहिले. भिंतीवर तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत एकादशी छापलेली होती.

‘‘मग चहा का सांगितलास?’’

‘‘बघायचं होतं, काय म्हणता ते.’’ त्याने टेबलावरचा चहाचा थेंब बोटाने पुसला. ‘‘तुम्ही आज एकादशी म्हणाला असतात ना, तर ती खरी असून मला खोटीच वाटली असती. अन् मी तसाच हसून पुढचं बोललो असतो. मला त्याचीच भीती होती.’’

म्हणजे त्या खोलीत दोघेही भ्यालेले होते. मी कप उचलला. प्रायश्चित्त म्हणून ते व्रत तिथेच सोडावे असे मला वाटले. त्याने हात पुढे करून माझा कप काढून घेतला, स्वतःसमोर ठेवला आणि शांतपणे पिऊ लागला.

मालकाने पडद्यातून डोके आत घातले. ‘‘गुरुजींनी घेतला न्हाई व्हय? काय कमी पडलं का आमच्या चहात?’’

‘‘त्यांचा उपास आहे आज,’’ तो म्हणाला.

माझी मान खाली गेली. त्याच्या तोंडून ते वाक्य ऐकणे मला फार कठीण गेले.

एसटी स्टँडपर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला. आई त्याच्याकडेच राहते, असे त्याने सांगितले. मी म्हणालो, ‘‘मला त्यांची क्षमा मागायची आहे.’’

‘‘कशासाठी? तुम्हाला बरं वाटावं म्हणून?’’ त्याने मान हलवली. ‘‘न्हाई, गुरुजी. तिच्याजवळ बाबांचं तेवढं एक राहिलंय. ते तसंच राहू द्या. चहाला मात्र या.’’ त्रयोदशीला येतो, असे मी कबूल केले.

गाडीत बसल्यावर मला वाटले होते की ओझे उतरेल. ते उतरले नाही. ज्या असत्याची कबुली देताना मी एवढा भ्यालो, तेच असत्य आता मला त्या माउलीसमोर जपायचे होते, आणि तेही त्याच्या आज्ञेने. द्वादशीला मी पारणे केले. घास कोरडा गेला. घरी मी सारे सांगितले. पत्नी म्हणाली, ‘‘जायचं कबूल केलंय, तर जा. धोतर धुतलेलं नेसून जा.’’

त्रयोदशीला दुपारी मी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे भाड्याचे घर होते. त्याची आई भिंतीचा आधार घेत बाहेर आली. तिला आता फारसे दिसत नव्हते. तिने माझ्या आवाजाच्या दिशेने हात जोडले.

‘‘लई वर्सांनी आलात गुरुजी. तवा आमच्या घरच्यांनी नवी कपबशी आणली व्हती. पन तुमचा उपास निघाला.’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो माझ्याकडे पाहत होता की नाही, हे पाहण्यासाठी मान वर करणे मला जमले नाही.

‘‘लई कडक तुम्ही. घरचे म्हणायचे, असा मानूस पाह्यला न्हाई.’’ ती हसली. ‘‘आज तर न्हाई ना उपास?’’

‘‘नाही, बाई. आज काही नाही.’’

ती आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसलो. ते थरथरत होते, आणि कप येण्यापूर्वी ते थांबावेत, एवढेच मी देवाजवळ मागत होतो.