घटातली शिंगं

आमच्या सासूबाईंना, सारजाबाईंना, जगात दोनच शत्रू होते: लांडगा आणि शेवाळ. लांडगा माहेरचा, कारण माहेरी मेंढरं. शेवाळ सासरचं. लग्न होऊन पिंपरी पेंढारला आल्या, त्याच श्रावणात विहिरीच्या पायरीवरून घसरल्या आणि हात मोडून बसल्या. तेव्हापासून जिथं हिरवं दिसेल तिथं बाई नारळाची शेंडी आणि चुना घेऊन हजर. घासताना तोंडाचा पट्टा चालूच, "मेल्या, परत आलास व्हय?"

आणि अशा घरात मी सून म्हणून आले, तीही बॉटनी घेऊन! अठ्ठ्याण्णव साली मी ओतूरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सासरे धर्माजी यांनी लग्नातच सांगून टाकलं होतं, "शिकू द्या पोरीला. पण एकदा जरी नापास झाली, तर कॉलेज बंद आन् खुरपं हातात." खुरप्याचं मला काही वावडं नव्हतं. पण कॉलेज मात्र सोडायचं नव्हतं.

त्या वर्षी बॉटनीच्या सरांनी फर्मान काढलं. दिवाळीआधीच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकानं स्वतः शोधलेले तीन जिवंत नमुने आणायचे: मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट. एक जरी नसला तरी नापास. तोवर मीसुद्धा या सगळ्याला शेवाळच म्हणत होते. सरांनी भिंग हातात दिलं आणि काय सांगू, मी हरखूनच गेले! मॉस म्हणजे इवल्या इवल्या पानांचं रान. लिव्हरवर्ट चपटं, मातीला चिकटून दोन-दोन फाटे फोडत पसरणारं. हॉर्नवर्टही तसंच चपटं, पण त्यातून हिरवी शिंगं सरळ उभी राहतात. फूल नाही, बी नाही, धड मूळसुद्धा नाही, तरी जराशा ओलीवर मजेत जगतात. मला ती मंडळी फारच आवडली.

पहिली दोन विहिरीच्या आतल्या दगडांवर सापडली, जिथवर आत्याबाईंची शेंडी पोचत नव्हती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. हॉर्नवर्टसाठी मात्र बांध न् बांध पालथा घातला. शेवटी आमच्याच पाटाच्या कडेला, काळ्या मातीवर, रुपयाएवढी एकच चकती दिसली. शिंगं अजून यायची होती आणि शिंगांशिवाय सर घेणार नव्हते. म्हणून मी ती तिथंच वाढू दिली. घरात चकार शब्द काढला नाही. शेवाळ पाळलंय, असं त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगणार?

घट बसले त्या दिवशी दुपारी पाटावर गेले, तर तिथं खड्डा! शेजारीच आत्याबाई गवत कापत होत्या.

"आत्याबाई, हितली माती कुठाय?"

"घटाला घेतली की. दरसाल तिथलीच घेतो. लई कसदार."

"अवो, माझी परीक्षा व्हती त्यात!" म्हणून मी बांधावरच फतकल मारून भोकाड पसरलं.

"शेवाळापायी रडती? येड लागलं का काय तुला!" त्याही तेवढ्याच जोरात. पण सगळं ऐकल्यावर त्याही माझ्याशेजारी बांधावर टेकल्या. घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत त्याच्या मातीला कुणी हात लावायचा नाही. आणि माझी परीक्षा आठव्या माळेला होती.

पाचव्या माळेला देवघरातून हाक आली, "आशे, पळ लवकर! ह्याला तर शिंगं फुटली!"

घटातून पाणी पाझरून माती ओली राहिली होती. पत्रावळीच्या काठावर, गव्हाच्या पिवळ्या अंकुरांशेजारी माझी चकती ढेकळासकट सुखात होती. मी भिंग आणलं, ते त्यांनी हिसकावूनच घेतलं. मेंढरांत वाढलेली बाई ती, शिंगं बघून पाघळलीच. "अगं बया, कोकराला फुटत्यात तशीच की गं!" मग रोज माळ घातली की भिंग घेऊन बसायच्या.

आठव्या माळेची सकाळ उजाडली. मी काहीच मागितलं नाही, मागायची हिंमतच नव्हती. सासऱ्यांनी तर आधीच बजावलं होतं, "घटाला हात लावाल तर देवी कोपंल."

आत्याबाई अंघोळ करून देवघरात गेल्या. हात जोडून म्हणाल्या, "आई, तुझ्याच मातीत वाढलंय. पोरीची इद्या हाय. काय बोल लावायचा त्यो मला लाव." आणि इतक्या वर्षांत बसलेल्या घटाच्या ज्या मातीला बोट लावलं नव्हतं, तिच्यातून चकती अलगद उचलली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि विड्याच्या पानावर ठेवून माझ्या हातात दिली.  मी पायाच पडले.

"हे पिवळं-लाल काय आहे?" मायक्रोस्कोपला डोळा लावून सर ओरडले.

"हळदकुंकू, सर."

हकीकत ऐकून सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चेहरा गंभीर करून अर्धा तास मला प्रश्नांनी पिळून काढलं. पण शिंगाच्या टोकापासून बुडापर्यंत मला सगळं पाठ होतं. पास!

पुढच्या वर्षी नवरात्राआधी आत्याबाईंनी पुन्हा विहीर-पाट सगळं घासलं. फक्त पाटाकडेचा, चकती पुन्हा उगवली होती तो कोपरा सोडला. तिकडून कुणी पाण्याला आलं की या ओसरीवरूनच ओरडायच्या, "ए बाई, तिथं पाय ठिवू नगं! आमच्या सुनंचं कॉलेज हाय त्ये!"