होसकोट्याला बरं होणारं पोट

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण ती सांगायची तर आमच्या नातेवाइकांत अजून चालणारा एक विनोद खोटा पाडावा लागतो. ‘तिचं पोट होसकोट्याला गेलं की बरं होतं.’ विनोद माझ्या बायकोवर होता आणि तो मीच सुरू केला होता.

नव्वदच्या दशकात आम्ही बसवनगुडीत राहायचो. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरात काढून आमची भाषा अर्धी कन्नड झाली होती, पण दोन्ही वेळा चपाती हवीच. मराठीपणाची तेवढी खूण आम्ही धरून होतो. बायको होसकोट्याची. तिच्या माहेरी रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा. तो चावत नाहीत, सारात बुडवून गिळतात.

लग्नानंतर तिचं पोट जे बिघडलं ते बिघडलंच. फुगायचं, जुलाब व्हायचे, बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. माहेरी राहून आली की मात्र गाल भरलेले असायचे.

“गिळायची सवय तुला,” मी म्हणायचो. “पचन तोंडात सुरू होतं. चपाती चावत राहा, गोड लागते. लाळेने पिठाची साखर होते.”

“चावते हो. खाली गेल्यावरच काहीतरी होतं.”

“खाली काय होणार? तुला सासर पचत नाही, एवढंच.”

पाहुणे हसायचे. ती ताटं उचलून आत जायची.

एकदा भाजी आणायला गेली आणि रस्त्यातच चक्कर येऊन पडली. मग मोठ्या डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून आतड्याचा कण तपासायला काढला.

“तोंडात आणि जठरात अन्न बारीक होतं,” ते मला म्हणाले. “अंगी लागतं ते लहान आतड्यातून. तिथे आतून टॉवेलसारखी लव असते, ती अन्न शोषून घेते. गव्हातलं एक प्रथिन यांना चालत नाही. त्यामुळे लव झिजून सपाट झालीय. गहू कायमचा बंद. भात, रागी खाऊ द्या.”

मला पचन शाळेपासून पाठ होतं, ते जठरापर्यंतच.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांना विचारलं, “म्हणजे मी ढोंग करत नव्हते ना? मलाच तसं वाटायला लागलं होतं.”

घरातला गहू बंद झाला, ती सुधारली. पण नातेवाइकांना मी काहीच सांगितलं नाही. पुढे एका लग्नात कुणीतरी तिच्यासमोरच तो विनोद काढला आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो. आता ती नाही, विनोद आहे.

त्या लग्नाहून परतल्यावर तिने रागीमुद्दे केले. वाढत होती. माझं चुकलं, सगळ्यांना सांगतो, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते.

“अगं,” मी म्हटलं.

“काय हो?”

“काही नाही. सार वाढ स्वल्प.”

तिने वाढलं.